खंडेनवमीला उघडलेले इंजिन

मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये लेफ्टनंट म्हणून माझी पहिली नेमणूक उत्तरेतील एका लष्करी रुग्णालयाच्या ऑपरेशन थिएटरमध्ये झाली. सकाळी साडेसहाला हजेरी, सातला निर्जंतुक ट्रॉली तयार, साडेसातला पहिला रुग्ण टेबलावर. पोट शिवण्यापूर्वी सर्जन हात थांबवून माझ्याकडे पाहत. आत काही राहू नये म्हणून मी रक्त टिपायचे स्वॅब, चिमटे आणि सुया मोजत असे आणि दोनच शब्द उच्चारत असे: "काउंट करेक्ट." त्याशिवाय कोणतीही जखम बंद होत नसे. पहिल्या वर्षभरात हे शब्द मी इतक्या वेळा उच्चारले, की श्वासासारखे ते आपोआप येऊ लागले. दोष तिथेच होता. तो मला आमच्या वडूजजवळच्या घराच्या अंगणात कळला.

ते एकाहत्तर साल होते. नवरात्रात मी आणि माझा धाकटा भाऊ दत्ता एकाच वेळी रजेवर आलो होतो. दत्ता ईएमईमध्ये, म्हणजे लष्कराच्या यंत्रदुरुस्ती दलात, नाईक होता. मी अधिकारी आणि तो नाईक, ही शेजारच्या तात्यांची कायमची करमणूक होती. तात्या लष्करातून निवृत्त झालेले ड्रायव्हर. ते कुंपणावरून विचारत, "नायका, आज बाईसाहेबांस्नी सलाम ठोकला का न्हाई रं?"

"रजेवर हाय तात्या. घरात आक्काच मला वाढती," दत्ता म्हणे.

दत्ताने आणि तात्यांनी मिळून लष्कराच्या लिलावातून एक जुनी जीप घेतली होती. ती आमच्या गोठ्यापुढे उभी असे. या खेपेस दत्ताने तिचा रेडिएटर उघडला, तेव्हा आत पाणी जवळजवळ नव्हते. इंजिनातले तेल दुधाच्या चहासारखे झाले होते. सायलेन्सरमधून पांढरी वाफ येत होती. दत्ताने ती हुंगली आणि म्हणाला, "हेड गॅस्केट गेलं."

इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचे झाकण, म्हणजे हेड, यांच्यामध्ये तांब्याच्या पातळ पत्र्याचे गॅस्केट बसते. आतला जाळ आणि भोवतीचे पाणी यांना ते वेगळे ठेवते. ते फुटले की दोघे एकमेकांत शिरतात.

दुरुस्ती रजा संपण्यापूर्वी व्हायलाच हवी होती. दत्ताची बायको सुशीला हिला आठवा महिना होता. पहिल्या खेपेस तिला बैलगाडीतून वडूजला नेताना वाटेतच सारे संपले होते. ते मूल पाच तास उशिरा पोहोचले, एवढेच डॉक्टर म्हणाले होते. त्यानंतर दत्ताने जीप घेतली.  गोठ्याकडे जाताना सुशीलाचा हात बॉनेटवरून फिरत असे, जसा आपण गाईच्या पाठीवरून फिरवतो.

अष्टमीला दत्ताने हेड उतरवले. काजळी खरवडून, पेट्रोलने धुऊन ते पाटावर उलटे ठेवले. सगळ्या परसात पेट्रोलचा आणि झेंडूचा मिसळलेला वास होता. नवे गॅस्केट त्याने साताऱ्याहून आणले होते. एकच होते. नवमीला हत्यारे पुजायची, त्यांना हात लावायचा नाही. दसऱ्याला दुपारी हेड बसवायचे, असा बेत होता. नवमीच्या सकाळी आईने नट आवळायचे पाने, पकड, हातोडा, विळा, हेड आणि गॅस्केट असे सारे ओळीने मांडले आणि त्यांवर हळदकुंकू वाहिले.

साडेअकराला पोस्टमन आला. तारा दोन होत्या, मजकूर एकच. रजा रद्द. तातडीने हजर व्हा.

त्या दिवशीची एसटी गेली होती. दुसऱ्या दिवशीची पहाटे पावणेसहाला होती. म्हणजे हातात फक्त ती दुपार आणि संध्याकाळ उरली. दत्ता पूजेपाशी गेला आणि उभाच राहिला.

आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "आज हत्याराला हात लावायचा न्हाई, दत्ता."

"आये, उद्या मी न्हाई."

"तात्या बसवतील."

"आवं, मी गाडी चालवली, खोलली कवा?" तात्या कुंपणावरून म्हणाले. "माझ्या हातनं उरलेली जीपबी जाईल."

 सुशीला खांबाला टेकून उभी होती. एक हात कमरेवर, दुसरा पोटावर.  आईने तिच्याकडे बराच वेळ पाहिले. मग अक्षतांची वाटी माझ्या हातात दिली.

"पूजा हलवायची तर अक्षता टाकून हलवावी लागंल. तूच टाक कुसुम. माझा हात व्हत न्हाई."

अक्षता कुंकवात भिजवलेल्या होत्या. मी मूठभर घेतल्या आणि उभ्यानेच सगळ्यावर टाकल्या. मला घाई होती. लोखंडावर पडताना त्यांचा बारीक आवाज झाला. तो अजून माझ्या कानात आहे.

दीड वाजता काम सुरू झाले. दत्ताने ब्लॉक पुसला. हेड आणि गॅस्केट माझ्याकडे होते.

"आक्का, नीट बघ. कचरा नको."

मी दोन्ही पुसली. उजेडात धरून पाहिली. तांबे दुपारच्या उन्हात लालसर चमकत होते. मी म्हणाले, "काउंट करेक्ट."

"म्हंजी?"

"म्हणजे बसव."

हेडचे नट वाटेल तसे आवळून चालत नाहीत. मधल्यापासून सुरुवात करून, आलटून पालटून बाहेर जायचे. पहिल्या फेरीत नुसते टेकवायचे, दुसरीत आवळायचे, तिसरीत जोर लावायचा. दत्ता तोंडाने आकडे मोजत होता. त्याच्या मानेवरून घाम वाहत होता. साडेतीनला प्लग बसले. चारला पाणी भरले. त्याने स्टार्टर दाबला.

इंजिन लागले, पण एक ठोका चुकवत लागले. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले. सायलेन्सरमधून तीच पांढरी वाफ निघाली. दत्ताने इंजिन बंद केले आणि स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसून राहिला. अंगणात फक्त पाण्याचे खळखळणे ऐकू येत होते. मी घड्याळ पाहिले. चार वाजून सहा मिनिटे.

"खोल," मी म्हणाले. माझा आवाज थिएटरमधला होता.

इंजिन निवेपर्यंत थांबावे लागले. तो पाऊण तास मी अंगणात येरझाऱ्या घातल्या. सव्वापाचला हेड उचलले. तिसऱ्या सिलिंडरच्या आणि पाण्याच्या भोकाच्या मध्ये, गॅस्केटवर, चिरडलेला एक दाणा होता. तांदळाचे लाल पीठ. तांब्यात त्याची नखाएवढी खळी उमटली होती. कुंकवाचा रंग आणि तांब्याचा रंग एकच. मी पाहिले होते, पण मोजले नव्हते. सवयीने आलेले ते दोन शब्द मी खोटे उच्चारले होते.

"दत्ता, ही माझी चूक."

त्याने माझ्याकडे पाहिले नाही. तो गॅस्केट बोटांनी चाचपत होता. आई जवळ आली. तो दाणा तिने बोटावर घेतला आणि तिला सगळे समजले.

"माझ्या पूजेनं घात केला," ती म्हणाली.

"पूजेनं न्हाई, आये. आमच्या घाईनं." मग तो माझ्याकडे वळला. "तांबं लाल तापवून पाण्यात बुडीवलं की मऊ पडतंय. खळी बसवता यील. पर लय जाळ पायजे."

आम्ही सगळ्यांनी चुलीकडे पाहिले. चुलीवर आईच्या उपासाचे पातेले होते. लोखंड पुसलेला तेलकट कपडाही तिने त्या चुलीजवळ कधी येऊ दिला नव्हता. आईने पातेले खाली उतरवले आणि शेणी आत सारल्या.

"आगीला कसला आलाय इटाळ? आण हिकडं."

चिमट्यात धरलेले गॅस्केट जाळावर फिरत होते. तांबे आधी काळवंडले, मग जांभळे झाले, मग मावळतीसारखे लाल. दत्ताने ते बादलीत सोडले. चर्र आवाज झाला आणि ओल्या धातूचा वास घरभर पसरला. पाट्याच्या सपाट दगडावर ठेवून, लाकडी बत्त्याने हलके ठोकत त्याने खळी बसवली. सुशीला कंदील धरून उभी होती. बस म्हटले तरी बसली नाही.

"आक्का," दत्ता म्हणाला, "आता मोज. तुमच्या टेबलावर मोजतीस तसं."

मी मोजले. पंधरा नट, पंधरा वायसर, चार प्लग, एक गॅस्केट. प्रत्येक भोकातून करंगळी फिरवली. पूजेच्या पाटावरच्या अक्षता आईने आधीच वेचून पदरात बांधल्या होत्या. मी म्हणाले, "काउंट करेक्ट."

"येस मॅडम," दत्ता म्हणाला. तो हसत नव्हता.

सात वाजून चाळीस मिनिटांनी इंजिन सुरू झाले. रेडिएटरमधले पाणी शांत होते. तात्यांनी कान लावला आणि म्हणाले, "आता बोलती गड्या. मगाशी खोकत व्हती."

एक काम मात्र राहणारच होते. शंभर मैल चालल्यावर नट पुन्हा आवळावे लागतात, आणि तेव्हा दत्ता नसणार होता. दाराच्या चौकटीसाठी आणलेला पांढरा रंग त्याने काडीवर घेतला आणि हेडवर, प्रत्येक नटाशेजारी, आवळण्याच्या क्रमाने आकडे लिहिले. मधल्यापाशी एक. कोपऱ्यातल्यापाशी पंधरा. सुशीला चौथीपर्यंत शिकली होती. त्याने तिच्याकडून ते दोनदा वाचून घेतले.

दसऱ्याचे सोने संध्याकाळी लुटतात. आईने ते पहाटे पाच वाजताच आमच्या हातात दिले. पुणे स्टेशनवर आमच्या गाड्या वेगळ्या झाल्या. दत्ता आपल्या डब्यातून दोनदा उतरून पुन्हा माझ्या खिडकीपाशी आला. शेवटी म्हणाला, "आक्का, सुशीला एक नंबरापासनंच सुरू करंल न्हवं?"

"करील."

सुशीलाने तसेच केले. तात्या पाना ओढत आणि ती आकडे वाचे. कार्तिकात कळा सुरू झाल्या, तेव्हा तात्यांनी तिला दीड तासात साताऱ्याच्या दवाखान्यात पोहोचवले. मुलगी झाली. दत्ताला तार तात्यांनी केली: जीप ठीक, मुलगी ठीक. हा क्रम वाचून तो वर्कशॉपभर हसत सुटला होता, असे त्याच्या सुभेदारांनी मला नंतर सांगितले.

डिसेंबरात युद्ध सुरू झाले. दुसऱ्या आठवड्यात, गोळाफेकीत अडकलेला एक ट्रक ओढून काढताना नाईक दत्ता कामी आला. ट्रकमध्ये जखमी होते. ते वाचले. रुग्णालयाची मेट्रन हा निरोप घेऊन थिएटरच्या दाराशी आली, तेव्हा टेबलावर एक जवान होता. मी तिला थांबायला सांगितले. स्वॅब मोजले. एकदा, मग पुन्हा एकदा.

जीप पुढे अनेक वर्षे चालली. हेडवरचे आकडे तेलाने काळे पडले की सुशीला त्यांवरून नवा रंग फिरवी. वळण त्याचेच ठेवी. आणि आई होती तोवर खंडेनवमीला हत्यारांना हळद वाहिली, कुंकू वाहिले, फुले वाहिली. अक्षतांची वाटी मात्र देवघरातच राहिली. पूजेला आलेल्या बायका विचारत.  आई पाटापुढे बसून पाने मोजत असे, मधल्यापासून बाहेर, मोठ्याने, पंधरापर्यंत. पाने सहाच होते.