गायकरच्या गळ्याची गाठ

नव्वदीच्या दशकात माझी पोस्टिंग नगरला होती. मी टँकवर गनर. ड्रायव्हर होता गायकर, हुद्द्याने सवार म्हणजे शिपाई, भंडारदऱ्याकडचा. टँकचे कमांडर दफेदार साळवे, कर्जत तालुक्यातले. त्यांना आम्ही उस्ताद म्हणायचो. माणूस कडक, पण लाखमोलाचा. बंद पडलेल्या टँकखाली आधी ते शिरायचे, मग आम्ही.

टँकच्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही, म्हणून माइक पट्ट्याने गळ्यालाच घट्ट बांधतात. एके दिवशी फायरिंग रेंजवर गायकरचा आवाज तुटत होता.

"ड्रायव्हर, माइक दाब."

"दाबलाय, उस्ताद."

पुन्हा खरखर. उस्तादांनी टँक थांबवला, खाली उतरून त्याचा पट्टा सोडला. जबड्याखाली लिंबाएवढी गाठ. हात लागताच गडी कळवळला.

गाठ म्हणजे टीबी, टीबी म्हणजे तंदुरुस्तीची मेडिकल कॅटेगरी गेली आणि टँक कायमचा सुटला, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. म्हणून लेकाने आठवडाभर ती दडवली होती. उस्तादांनी त्याला सणकून झापलं आणि आम्हाला घेऊन युनिटचा दवाखाना गाठला. दारातच गायकरचे पाय अडले. तेव्हा उस्ताद स्वतःच स्टुलावर बसले आणि कॉलरचं बटण काढलं.

"डॉक्टरसाहेब, आधी माझा गळा बघा. ह्याला जरा धीर येऊ द्या."

डॉक्टर हुद्द्याने कॅप्टन. ते हसत चाचपू लागले. मग त्यांचं हसू थांबलं. खांद्याजवळच्या हाडावर बोटं दोनदा फिरली.

"इथं दुखतं?"

"न्हाई, साहेब."

गायकरची गाठ किडलेल्या दाढेमुळे निघाली. कॅप्टनांनी त्याला समजावलं, की दात, घसा, कान बिघडला की गळ्यातल्या गाठी सुजतात, दुखतात आणि बहुधा उतरतात. टीबीनेही येतात, पण तोही औषधाने बरा होतो. न दुखणारी, टणक, वाढत जाणारी गाठ मात्र लगेच तपासावी लागते. उस्तादांची तसली होती. गाठीचा तुकडा तपासला, कॅन्सर निघाला.

दाढ काढून गायकर टँकवर परतला. उस्ताद परतले नाहीत. लढाईत नाही, आजाराने वारले म्हणून त्यांचं नाव कुठल्या स्मारकावर नाही, याचा मला अजून राग येतो.

आम्ही दोघं त्यांच्या गावी गेलो. उस्तादांच्या बायकोने, वहिनींनी विचारलं, गायकर कोण? तो पुढे झाला. त्या त्याच्या गळ्याकडे बघत राहिल्या.

"उतरली का गाठ? लई घोर हुता त्यांना तुमचा. शेवटपतुर इचारत हुते."

गायकर तिथंच खाली बसला. त्याला उठवायला मी वाकलो आणि त्याच्याशेजारीच बसलो.