पायातली सुरी

शेठने माझ्या डोळ्यांदेखत मटणाच्या बोट्यांच्या ढिगावर फिनेल ओतलं.

"पायाने कापलेलं कुत्रंपण खाणार नाही," म्हणाला. मग माझ्याकडे वळून, "काका, मॅडमना हात जोडा."

जोडले. रक्ताचेच. वर हसलोही.

आम्ही पनवेलचे खाटीक. पाय धुऊन जमिनीवर बसायचं, सुरी पायाच्या अंगठ्याच्या बेचक्यात धरायची आणि मटण दोन्ही हातांनी पात्यावर ओढायचं. बापाने असंच शिकवलं. बाप गेला, गाळा पाडला, आणि पोट सुटायच्या वयात मी खारघरच्या या काचेच्या दुकानात नोकरीला लागलो. इथे उभ्याने कापायचं, सुरी हातात. माझी गोगलगाय व्हायची. त्या रविवारी गर्दी दारापर्यंत. शेठ ओरडला, "काका, मेलात का?" माझा पाय आपसूक बुटातून बाहेर आला. धुतला, बसलो. बघता बघता ढीग. तेवढ्यात काचेपलीकडून रांगेतल्या त्या मॅडम किंचाळल्या, "शी! पायाने?"

तेव्हापासून दुकानात माझं नावच 'पाय'. "ए पाय, खिमा घे." "पाय, लादी पूस."

शेजारच्या ओट्यावरच्या इरफानने एकदा हळूच सांगितलं, "चाचा, ताकद नको. हाड तोडू नका, जोड शोधा. अंगठ्याने चाचपा, तिथे टोक घाला."

घरी दुधीवर हात बसवला. बायको म्हणाली, "नवरा खाटीक आणि ताटात रोज दुधी. माहेरी सांगू तरी काय?"

पण हात बसला. सांधा बोटाला आधी कळायला लागला. दिवाळीपर्यंत इरफानच्या बरोबरीने कापायला लागलो. तरी नाव पायच.

मग शेठने कामोठ्यात दुसरं दुकान काढलं. एकदम गोड आवाजात म्हणाला, "काका, उद्घाटनाला ते पायाचं करून दाखवा ना. धोतर नेसून या. लोक रील काढतील."

"आणि ते मटण?"

"फेकू की. ते कोण खातंय!"

"नाय," मी म्हणालो.

"काय नाय?"

"बसणार नाय."

"मग उद्यापासून येऊ नका."

सुरी धुतली. पुसली. ओट्यावर ठेवली. मॅडम रांगेत होत्याच. त्यांच्याकडे सरळ बघत बाहेर पडलो.

बापाने पायाने कापलेलं गाव जेवलं. फेकायला म्हणून मी एक बोटी कापणार नाही. उपाशी राहीन. आणि हे हात यापुढे जोडले जाणार नाहीत.