वाकणाऱ्या पात्यांना दरवाजाचा रंग

वैशालीने धनुष्याला दोरी चढवली आणि 'कट्' असा आवाज आला. लगेच दुसरा.

"काका, मोडलं का?" तिचा चेहरा उतरला.

मी मुरबाडला गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करतो. तीस वर्षं झाली. धनुष्य पहिल्यांदाच रंगवायला घेतलं होतं, आणि तेही ऐटीत. वैशाली धसईच्या पुढच्या पाड्यावरची, वय वीस. बांबू आणि लाकडाच्या धनुष्याने खेळते. धनुष्याला मुठीच्या वर आणि खाली दोन पाती असतात, खेळाडू त्यांना लिम्ब म्हणतात. तिच्या वरच्या पात्यावर आतल्या बाजूने, अगदी डोळ्यांसमोर, जुन्या पॉलिशचे पट्टे पडले होते. तिच्या प्रकारात नेमाला मदत होईल अशी एकही खूण चालत नाही. गेल्या स्पर्धेत पंचाने सांगितलं, एकरंगी करून आणा, नाहीतर खेळता येणार नाही. रविवारी शहापूरला जिल्ह्याची निवड. आज गुरुवार.

"दुसरं धनुष्य घे ना," मी म्हणालो.

"दोन वर्षं याच्यावर हात बसलाय, काका. दुसऱ्याने जमायचं नाय."

मी पात्यांवरून बोट फिरवलं. लाकूड शाबूत होतं. तडे रंगाला गेले होते, पार पुट्टीपर्यंत. मी काय केलं होतं? गाडीच्या दरवाजाला करतो तेच. पॉलिश घासलं, ओरखड्यांत पुट्टी भरली, प्रायमर, काळ्या रंगाचे दोन हात आणि वरून चकाकीसाठी पारदर्शक क्लिअर. पुट्टी वाळली की दगडासारखी कडक होते. पत्र्यावर ती वर्षानुवर्षं टिकते. पात्यांना मात्र प्रत्येक बाणाला वाकायचं असतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

तिच्या कोचसरांना फोन लावला. रंग तडकल्याचं ऐकूनच ते तापले.

"रंग काढायला रिमूव्हर लावू नका, आतला ग्लू सुटेल. हीटर तर अजिबात नको. हातानेच घासा, आणि दोन्ही पाती सारखी घासा. एक जास्त पातळ झालं तर धनुष्य बाद."

"आणि वर कुठला रंग लावू?"

"पेंटर तुम्ही आहात की मी?" फोन कट.

दोन घास कसेबसे गिळले आणि बसलो पॉलिश पेपर घेऊन. वर वीस हात, खाली वीस हात. मध्येच एका गिऱ्हाइकाने हाक मारली आणि आकडा विसरलो. बारा झाले की चौदा? दोन हातांनी काय होतंय, असं मनाला सांगून बघितलं, पण मन ऐकेना.

"तुमी नुसते घासा," वैशाली म्हणाली. "मोजते मी."

दर थोड्या वेळाने ती दोरी चढवायची आणि दोरी ते पातं हे अंतर फूटपट्टीने बघायची. वरचं आणि खालचं जमलं की मान हलवायची. तोपर्यंत मी उठबस करत राहायचो.

शुक्रवारी सकाळी पाती साफ झाली. आता रंग? मला काही सुचत नव्हतं.

"गाडीत असं वाकणारं कायच नसतं का?" तिने विचारलं.

"गाडी वाकली की ती माझ्याकडेच येते," मी वैतागून म्हणालो. बोलता बोलता नजर भिंतीला टेकवलेल्या बंपरवर गेली. प्लॅस्टिकचा बंपर दाबला की आत जातो, सोडला की परत येतो. त्याचा रंग तडकू नये म्हणून आम्ही त्यात लवचिकपणा आणणारं एक औषध मिसळतो. शेकडो बंपर या हातांनी रंगवलेत. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

पुट्टी नाही, प्रायमर नाही. औषध मिसळून काळ्या मॅट रंगाचे दोन पातळ हात मारले आणि धनुष्य सावलीत टांगलं. शनिवारी दुपारी तिने दोरी चढवली तेव्हा मी पाठ करून उभा राहिलो.

"बघा की इकडं. काय नाय झालं."

रंग टिकला, पण घासण्यात पाती थोडी नरम पडली होती. बाण वीतभर खाली जायला लागले. अंधार पडेपर्यंत ती मैदानात नवा नेम बसवत होती. मी बघत उभा. माझी चूक ती निस्तरत होती आणि मला मान वर करवत नव्हती.

रविवारी गॅरेज बंद ठेवून किन्हवलीमार्गे शहापूर गाठलं. पंचाने पात्यावर अंगठा फिरवला, उजेडात धरून पाहिलं आणि म्हणाला, "ठीक आहे." मी श्वास सोडला, तोही फार लवकर. तिचे पहिले सहाही बाण खाली गेले. पुढचे मात्र हळूहळू वर सरकले.

निवड चौघींची होणार होती. ती चौथी आली.

मी अभिनंदन करायला गेलो तर हसून म्हणाली, "पयले सहा बाण तुमचे, काका. बाकीचे माझे."

तेव्हापासून गॅरेजमध्ये काहीही रंगवायला आलं की मी आधी विचारतो, "हे वापरताना वाकतं का?" काल एकाने लोखंडी कपाट आणलं. त्यालाही विचारलं. त्याने कपाटाच्या दारावर दोनदा टकटक करून दाखवलं.