नवसाचे वाल

सकाळचे सात वाजून पाच मिनिटं झाली होती. वेळ पक्की ध्यानात आहे, कारण सातचा भोंगा नुकताच होऊन गेला होता, आमचे हे डबा लावून सायकलवर कारखान्याकडे निघाले होते आणि मी वैशूला कडेवर घेऊन मागच्या दारी उभी होते. तिथून पुढे मी जो घोळ घातला, तो काय वर्णावा. एका शिकलेल्या बाईचं एक वर्ष मी खाल्लं, तेही तिचं भलं चिंतून. बसा, चहा ठेवते आणि सांगते.

आमचं घर कुंभवलीत. पुढच्या दारातून कारखान्यांची धुराडी दिसतात, मागच्या दारातून आमचं शेत. त्या वर्षी भातकापणी झाली आणि शेती संशोधनवाल्यांनी ते शेत थंडीपुरतं वाल पेरायला घेतलं. वालाबरोबर मॅडम आल्या. घाटावरच्या. कडधान्यांवर मोठी पदवी करत होत्या. आमच्या पडवीतली खोली त्यांना दिली.

मॅडम वयाने माझ्याच एवढ्या. गळ्यात मंगळसूत्र, पण नवरा कुठे दिसेना, पोर दिसेना. एकट्याच स्टोव्हवर भात शिजवायच्या आणि दिवसभर शेतात.

तर त्या सकाळी मी काय बघितलं? मॅडम आंघोळ करून, ओल्या केसांनी, उगवतीकडे तोंड करून वालाच्या ओळीत उकिडव्या बसल्या आहेत. मान खाली. फुलाजवळ तोंड नेऊन बराच वेळ काहीतरी चाललंय. मी हाक मारली, "मॅडम, चहा घेता?" उत्तर नाही. मग त्यांनी लाल दोरा काढला आणि त्या फुलाच्या देठाला हलक्या हाताने बांधला. पुढच्या फुलाकडे सरकल्या. पुन्हा तेच.

आता तुम्हीच सांगा, पहाटेची आंघोळ, मौन आणि लाल दोरा, ह्याला आमच्याकडे काय म्हणतात?

मी आत येऊन सासूबाईंना सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"नवस हाय तो," त्या म्हणाल्या. "पोरासाठी. बिचारी. नवऱ्याने टाकली असंल."

"विचारू का त्यांना?"

"येडी हायस का? नवस कोनाला विचारायचा नसतो. बोलला का गेला."

हे मात्र खरं. आमच्याकडे नवस तोंडातून काढत नाहीत. म्हणून मी विचारलं नाही. एवढं एक विचारलं असतं, तर आज तुम्हाला सांगायला काही उरलं नसतं.

मग आम्ही दोघी त्यांच्या सेवेला लागलो. सासूबाई त्यांना डिंकाचे लाडू देत. कसलीशी मुळी उगाळून दुधातून पाजत. मॅडमचा स्वभाव गोड, कोणी प्रेमाने दिलं तर नाही म्हणायच्या नाहीत. "तुमच्याकडे पाहुण्यांचं फार करतात हो," म्हणायच्या आणि गटागट प्यायच्या. जाड व्हायला लागल्या तशा सासूबाई मला डोळ्याने खुणावू लागल्या.

एकदा मॅडम म्हणाल्या, "मंगलताई, दोरा वाऱ्याने सुटतो. काय करू?"

माझं माहेर समुद्रकाठच्या घिवलीचं. शेजारी सगळी जाळी विणणारी माणसं, लहानपणी मी त्यांच्याच ओट्यावर वाढले. मी त्यांना जाळ्याची गाठ शिकवली. ही गाठ समुद्राला सुटत नाही, वाऱ्याला काय सुटणार. त्यांचा दोरा संपत आला, तर आमच्या ह्यांनी कारखान्यातून टाकाऊ लाल दोऱ्याचं गुंडाळं आणून दिलं. अर्धं त्यांना, अर्धं माझ्या शिवणाच्या डब्यात. ही दोन कामं मी केली, लक्षात ठेवा. पुढे ह्याच दोन गोष्टींनी माझा गळा धरला.

संध्याकाळी त्या मला शेतात बसवून भिंगातून फूल दाखवायच्या. सातवीच्या पुस्तकात फुलाचं चित्र होतं. पाकळ्या, पुंकेसर, स्त्रीकेसर, परागकण. मी घडाघडा नावं सांगितली, तर त्या म्हणाल्या, "अहो, मग पुढे का नाही शिकलात?" काय सांगणार? हायस्कूल लांब होतं आणि घरात धाकटी भावंडं होती. पण त्या प्रश्नाने त्या रात्री मला झोप आली नाही. कोणी विचारलंच नव्हतं तोवर. सगळे विचारायचे ते वैशूचं.

कारण वैशू दीड वर्षाची झाली तरी पाऊल टाकत नव्हती. बसवली की बसायची, उभी केली की पाय मुडपून घ्यायची. कोणी म्हणे नजर लागली, कोणी म्हणे आईचं दूध पातळ. डॉक्टर म्हणाले थांबा, चालेल. थांबायचं म्हणजे काय, हे डॉक्टरांना कोण सांगणार? ती झोपली की मी तिचे तळवे दाबून बघायचे.

आणि मग मॅडम चार दिवस त्यांच्या साहेबांकडे कामाचा हिशोब द्यायला गेल्या. जाताना म्हणाल्या, "मंगलताई, शेत तुमच्यावर सोपवते. दोऱ्यांना कोणी हात लावू देऊ नका. माझं सगळं त्याच्यावर आहे."

"तुम्ही निर्धास्त जा," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी आंघोळ केली, शिवणाच्या डब्यातला लाल दोरा घेतला, ओल्या केसांनी वालाच्या ओळीत बसले आणि एका पांढऱ्या फुलाला दोरा बांधला. वैशूसाठी. मॅडमच्या दोऱ्याला हात लावला नाही हं. शेजारचं फूल घेतलं. एवढी शिकलेली बाई जिथे नवस करते, ती जागा खरीच असणार, हा माझा हिशोब.

आणि त्याच दुपारी वैशू कोंबडीच्या पिल्लामागे चार पावलं चालली.

आता मी काय करायला हवं होतं? गप्प बसायला. नवस बोलायचा नसतो, पण फळलेला नवस पोटात राहतो का? नळावर हिरावहिनी भेटल्या, आमच्या शेजारीण. त्यांना फक्त सांगितलं.

"वालाला?" त्या म्हणाल्या.

"वालाला."

"कंचा देव हाय तिथं?"

"ते मॅडमलाच ठाऊक. पण चालली बघा."

हिरावहिनींच्या थोरल्या मुलीला सासरी नांदवत नव्हते. पुढच्या पहाटे त्या दोरा घेऊन हजर. त्यांच्या मागे त्यांची नणंद. मग तिची जाऊ. कोणाच्या नवऱ्याला कारखान्यात कायम करत नव्हते, कोणाला पाळणा हवा होता, कोणाची म्हैस दूध देईना. दोरा सगळ्यांना माझ्याच डब्यातला. आणि गाठ सुटू नये म्हणून मी प्रत्येकीच्या हाताला हात धरून जाळ्याची गाठ शिकवत होते. बांधावर रांग. सासूबाई पुढे उभ्या राहून सांगत होत्या, "जुन्या दोऱ्याला हात नको लावू गो, बाईचा हाय तो."

खरंच कोणी हात लावला नाही. आम्ही फक्त भर घातली.

मॅडम बोईसरला रेल्वेतून उतरून दुपारच्या एसटीने आल्या. पिशवी घेऊन थेट शेताकडे गेल्या. मी मागोमाग, वैशूला बोटाला धरून, चालते ते दाखवायला. त्या बांधावर उभ्या राहिल्या. शेतात पांढऱ्या फुलांपेक्षा लाल दोरे जास्त दिसत होते.

"मंगलताई," त्या म्हणाल्या, "हे काय?"

"सगळ्यांनी बांधले. तुमच्यासारखेच."

"माझ्यासारखे म्हणजे?"

"नवसाचे."

त्या मटकन बांधावर बसल्या.

मग मला सगळं कळलं. आमचा पांढऱ्या फुलांचा वाल चवीला चांगला, पण किडीपुढे टिकत नाही. डोंगराकडच्या पाड्यांवरचा जांभळ्या फुलांचा वाल कडू, पण कीड त्याच्या जवळ फिरकत नाही. मॅडम पांढऱ्या फुलाच्या कळीतले पुंकेसर चिमट्याने काढत आणि सकाळी जांभळ्या फुलाचे परागकण आणून तिथे लावत. चिमटा ओठांत धरलेला, आणि फुंकरीने पराग उडतील म्हणून बोलायचं नाही. ते झालं की खूण म्हणून लाल दोरा. सगळीकडे पांढरा-जांभळा हीच एक जोडी, म्हणून वेगळ्या चिठ्ठ्या लावल्या नव्हत्या. आधी लावून पाहिल्या होत्या, त्या दवाने विरघळल्या.

माझ्या सातवीच्या पुस्तकात फुलाचं चित्र होतं, पण फुलाला दोरा बांधतात हे कुठे होतं?

मी म्हटलं, "तुमचे दोरे ओळखू येतील ना? गाठीवरून?"

त्यांनी शेजारशेजारच्या दोन फुलांचे दोरे धरून मला दाखवले. दोरा माझा, गाठ माझी. शेतात एकच गाठ होती.

सासूबाई मागून आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "बाय, रडू नको. आमी सगल्या मिलून तुज्यासाठी परत नवस करू. होईल तुला पोर."

"मला मुलगा आहे, आजी," मॅडम म्हणाल्या. "तीन वर्षांचा. आईकडे ठेवलाय. हे बी घेऊन मी होळीला कायमची परत जाणार होते. तिकडेच पेरणार होते, त्याच्याजवळ."

सासूबाई खाली बसल्या. हळूच म्हणाल्या, "मंग ती दुदातली मुली कशाला पीत व्हतीस गो?"

आणि मॅडमना हसू फुटलं. हसता हसता त्या रडायला लागल्या, रडता रडता पुन्हा हसल्या. वैशू तेवढ्यात चालत जाऊन त्यांच्या मांडीवर बसली. त्यांना तेव्हा कळलं की ती चालते.

तोड त्यांनीच काढली. दोरा बांधलेली एकूण एक शेंग वाळवायची, सगळं बी पेरायचं आणि फुलांची वाट बघायची. मुळातला वाल पांढऱ्या फुलांचा. जे रोप जांभळं फुलेल, ते त्यांच्या हातचं. जे पांढरं फुलेल, तो आमचा नवस. पण बी झालं टोपलीभर, तिकडे त्यांना एवढी जागा मिळणार नव्हती, आणि हा वाल थंडीशिवाय फुलत नाही. म्हणजे पुढची थंडी पुन्हा आमच्याकडे.

मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही. पण खरं सांगू, मॅडम पुन्हा येणार हे ऐकून रात्री मी पांघरुणात तोंड घालून हसले. त्याची लाज अजून वाटते.

"पण ह्या वेळी पोराला घेऊन या," मी म्हटलं. "एक सांभाळते तिथे दोन. मी आहे की."

पावसाळाभर त्या घरी राहिल्या. भातकापणी झाल्यावर आल्या, मुलाचा हात धरून. ज्या ज्या बायांनी दोरे बांधले होते, त्या सगळ्या पेरायला आल्या, खुरपायला आल्या, कोणाला बोलवावं लागलं नाही. मॅडमचा मुलगा आणि वैशू दिवसभर बांधावर मातीची भांडी मांडायचे. संध्याकाळी मी आणि मॅडम भिंग घेऊन बसायचो. ती थंडी मला आयुष्याएवढी पुरली असती, पण थंडीच ती.

एका सकाळी मॅडमनी शेतातून हाक मारली. त्या कधी सकाळी बोलत नसत. मी धावले. पांढऱ्या फुलांमध्ये एक रोप जांभळं फुललं होतं. मग दुसरं दिसलं. मग कितीतरी. सासूबाई एकेका पांढऱ्या रोपापाशी थांबून म्हणत होत्या, "ही हिराची म्हैस असंल."

"हिराची म्हैस नव्हती, मुलगी होती," मी म्हटलं. ती सासरी गेली का? गेली. वालाने का, ते विचारू नका.

मॅडम ते बी घेऊन गेल्या. एसटीच्या खिडकीतून त्यांनी माझ्या हातात पुडी दिली. "हे तुमच्या दारात लावा," म्हणाल्या. त्याला आता दोन थंड्या झाल्या. त्यांचा पत्ता मी मागितला नाही. गाडी सुटताना काय काय सुचतं, पण नेमकं तेच सुचत नाही.

तो वेल माझ्या मागच्या दारी आहे, जांभळा फुलतो. ह्या वर्षी पहाटे आंघोळ करून त्याच्या एका फुलाला मी लाल दोरा बांधला. जाळ्याची गाठ मारून. मॅडम एकदा तरी परत याव्यात म्हणून. कोणाला बोलले नाही. ह्या वेळी नळावरसुद्धा गप्प राहिले.

परवा पाहुणे आले. वालाची उसळ करायची म्हणून घाईघाईत वेलावरच्या शेंगा तोडल्या, सोलल्या, फोडणीला टाकल्या. हे जेवता जेवता थांबले. तोंडातून लाल काहीतरी काढलं आणि म्हणाले, "हे काय गं?"

समुद्राला न सुटणारी गाठ, शिजूनसुद्धा सुटली नव्हती.

तर नवस मी माझ्या हाताने शिजवला आणि नवऱ्याला वाढला. आता लपवायला काय राहिलंय? म्हणून तुम्हाला सांगते, तुम्ही पुढे सांगा. घाटावर कुठे वालाच्या शेतात सकाळच्या वेळी एखादी बाई ओठांत चिमटा धरून फुलावर वाकलेली दिसली, तर हाक मारू नका, ती बोलणार नाही. काम होईस्तोवर थांबा. मग म्हणावं, कुंभवलीच्या मंगलने निरोप दिलाय. वैशू आता बालवाडीत पळत जाते. आणि भातकापणी झाली आहे, मागचं शेत रिकामंच आहे.