कोपऱ्यात गाठलेले शंकरभिया

हा किस्सा माझ्या माहेरी अजून कुणाला माहीत नाही. बी.एस्सी. झालेल्या मुलीने असं केलं हे कळलं, तर बाबा पदवी परत करून यायला लावतील. तुम्हाला सांगते, पण ह्यांच्यासमोर विषय काढू नका. का ते शेवटी कळेल.

मिल बंद झाली तेव्हा हे तिथे टाइमकीपर होते. जे काही हातात आलं, त्यात ह्यांनी मल्हारगंजात एक खोली भाड्याने घेतली आणि मारामारीच्या व्हिडिओ गेमचं एक जुनं मशीन आणून ठेवलं. मी म्हटलं, निदान किराणा तरी टाका. "किराण्याची बारा दुकानं आहेत गल्लीत," हे म्हणाले. दुपारी हे पीथमपूरच्या कारखान्यांत अर्ज देत फिरायचे आणि दुकानात मी, कडेवर दोन वर्षांची गुड्डी. दुकान चाललं नाही तर मशीन विकून उज्जैनला मोठ्या दिरांकडे राहायला जायचं, हे ठरलेलं. म्हणजे मोठ्या जाऊबाईंच्या स्वयंपाकघरात. माझा जीव कसा टांगलेला असेल, बघा.

मशीनचा नियम सोपा. दोघांनी टोकन टाकून लढायचं. हरला तो उठतो, जिंकला तो त्याच टोकनवर बसून राहतो.

शंकरभिया बसूनच राहायचे.

भिया म्हणजे आमच्याकडचं भैया. मिलमध्ये ते सूत खात्यात तुटलेला धागा सांधायचे. चाळिशीचा माणूस, पण बोटं इतकी चपळ की दिसायचीच नाहीत. समोरचा ठोसा मारायला आला की पडद्यावरचा त्यांचा पैलवान अर्धं पाऊल मागे सरके. ठोसा हवेत. समोरचा सावरायच्या आत तो पुढे येऊन हाणे. मागे-पुढे, मागे-पुढे, नुसता थरथरत असायचा तो पैलवान.

"यार, इनको तो छू भी नहीं पा रहे," पोरं कपाळ बडवत उठायची.

मी बघत होते भलतंच. हा माणूस एका टोकनवर बारा ते चार खुर्ची सोडत नाही! ह्यांना सांगितलं तर म्हणतात, "बसू दे गं, आपल्या मिलचा माणूस आहे."

"मग मी उठवते त्यांना."

"तू?"

त्या 'तू'ने घात केला.

आठवडाभर सकाळी दुकान उघडायच्या आधी मी मशीनशी एकटीच झुंजले. उपाय मात्र सापडला गुड्डीला वरणभात भरवताना. घास पुढे नेला की ती मागे. मी धावले की ती आणखी मागे. घरभर फिरून दमायचे मी, ती नाही. त्या दिवशी मी घास पुढे केलाच नाही. नुसती हळूहळू सरकत राहिले. ती मागे जात जात कपाट आणि भिंत यांच्यामध्ये अडकली. आता जाते कुठे? चार घास पोटात गेले आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. शंकरभियांच्या मागेही पडदा कुठेतरी संपतोच की.

दुपारी मी गुड्डीला मांडीवर घेऊन त्यांच्या शेजारी बसले. "भिया, एक हाथ मेरे साथ?"

पोरं भोवती गोळा झाली. मी ठोसा मारलाच नाही. हात आडवे धरून पावलापावलाने पुढे. ते थरथरले, मी फसले नाही. ते मागे सरकत सरकत पडद्याच्या कडेला टेकले, तशी मी खालून लाथ घातली. पुन्हा घातली. दोन्ही फेऱ्या माझ्या.

"बढ़िया, भाभी," असं म्हणून शंकरभिया पिशवी उचलून निघून गेले. मी विजयी मुद्रेने इकडेतिकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. पोरंही आली नाहीत. तिसऱ्या दिवशी मशीन एकटंच गाणी वाजवत होतं. शेवटी शेजारचे पोहेवाले म्हणाले, "भाभी, लड़के तो उन्हीं को हराने आते थे. हर कोई अपना टोकन डालता था."

म्हणजे भियांचं टोकन एक, आणि त्यांच्याशी हरणाऱ्यांची वीस. बी.एस्सी. आणि एवढं कळलं नाही.

"तो मुझसे लड़ें ना आकर," मी म्हटलं.

"आपसे कौन लड़े? हारे तो इज्जत गई, जीते तो गुड्डी रोएगी."

मग मी भियांच्या घरी गेले. "इतवार को सबके सामने एक बाजी खेलेंगे. मैं हार जाऊँगी. दुकान का सवाल है, भिया." ते संकोचले, पण हो म्हणाले.

रविवारी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. हेसुद्धा हजर, बेत मी ह्यांना आधीच सांगितला होता. पहिली फेरी मी ठरल्याप्रमाणे हवेत ठोसे मारत हरले. तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "भाभी का उस दिन तुक्का लगा था."

तुक्का? म्हणजे निव्वळ नशीब? उज्जैन, जाऊबाई, सगळं विसरले मी. हात आडवे, पावलापावलाने पुढे, त्यांना कडेला नेलंच. आणि भियांनी काय करावं? माझ्या डोक्यावरून उडी मारून पलीकडे. आता कोपऱ्यात मी. मी सगळी बटणं दाबली. एकदा तर कोपराने दाबली. एक फटका लागला असेल तर शपथ.

दुकान पुन्हा भरलं. शंकरभियांनी माझ्यासमोर हात जोडले. "भाभी, इतना भी हारने की जरूरत नहीं थी."

घरी जाताना ह्यांचं कौतुक संपेना. "काय हरलीस तू. तो घाबरा चेहरा, ती बटणं बडवणं. कुणाला शंकासुद्धा आली नाही."

मी पदर सावरला आणि म्हटलं, "छे हो, त्यात काय एवढं."