धाकटीच्या फोनमधलं आईचं बोळकं

आई वर्षभर राहते माझ्याकडं, नांदेडला. तिची बीपीची गोळी मी देते, गुडघ्यांना तेल मी लावते, डॉक्टरकडं मी नेते. आणि हसायला मात्र बाईसाहेब लातूरला जातात, माझ्या धाकट्या बहिणीकडं. उन्हाळ्यात चार दिवस जायचं, सगळं हसू तिथं सांडून यायचं आणि इथं येऊन परत गप्प बसायचं.

आईच्या सहस्रचंद्रदर्शनाचं ठरलं तेव्हा हे उघडं पडलं. हॉलच्या दारात तिचा मोठा फोटो लावायचा होता. माझ्या फोनमध्ये तिचे ढिगानं फोटो. कवळी लावलेली, पदर नीट, तोंड मिटलेलं. जणू आधार कार्डासाठीच बसलीय. तेवढ्यात धाकटीनं घरच्या ग्रुपवर एक फोटो टाकला. तिच्या गच्चीवर कुरडया वाळू घालता घालता आई हसायलीय. पदर खांद्यावर घसरलेला, तोंडात कवळी नाही, बोळकं पार उघडं! भाऊ-भावजया एका सुरात म्हणाले, "हाच! हाच लावायचा!"

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. त्या कवळीसाठी दवाखान्यात खेटे घातले मी, आणि आता सगळ्या गोतावळ्यानं माझ्या आईचं बोळकं बघायचं? वर कौतुक कुणाचं, तर धाकटीचं. काय बाई फोटो काढला! राबायचं मी आणि मिरवायचं हिनं.

फोटो फ्लेक्सवाल्याला दाखवला. तो म्हणाला, "ताई, हे स्क्रीनशॉट हाय. एवढं मोठं केलं की फुटतंय. मूळ फोटो आणा." खरं सांगते, मला बरंच वाटलं. पण भाऊ हट्टाला पेटला. धाकटीला मूळ फोटो मागितला, तर तिनं परत स्क्रीनशॉटच पाठवला. "राहू दे, तुला जमायचं न्हाई, मीच येते," म्हणाले आणि रविवारी लातूरची एसटी धरली.

मनात डाव वेगळाच होता. त्या स्क्रीनशॉटच्या कोपऱ्यात एक गोल खूण दिसत होती. मी शिकवते त्या शाळेतल्या कार्यक्रमांचे फोटो काढून काढून ती खूण मला पाठ झालीय. हा हलणारा फोटो. बटण दाबायच्या जरा आधीचं, जरा नंतरचं सगळं त्यात असतं, आणि त्यातला हवा तो क्षण थांबवून वेगळा, स्वच्छ फोटो म्हणून ठेवता येतो. म्हणजे आईचं तोंड मिटलेलाही क्षण त्यात असणारच. तोच काढून घ्यायचा. फोटो धाकटीचा असेल, आई माझी आहे.

धाकटीनं दारातच विचारलं, "आईला कामून न्हाई आणलीस?" बघा, मी आल्याचं काही नाहीच. चहासुद्धा नको म्हणाले आणि तिचा फोन हातात घेतला. फोटोखालची पट्टी बोटानं मागं मागं नेली. आईचं हसू आवरत गेलं, ओठ जुळले. सापडला! अगदी सभ्य चेहरा. सेव्ह करायच्या आधी एकदा सगळं बघावं म्हणून पहिल्यापासून चालवलं, तर आईचा आवाज आला.

"थोरली असती ना, आधी कवळी घाल म्हणली असती!"

आणि मग ते हसू.

धाकटी चाटच पडली. "अगं बाई, ह्याच्यात आवाज बी हाय?" मग माझं तोंड बघून हळूच म्हणाली, "गमतीनं म्हणली गं ती."

मी परत चालवलं. परत एकदा. कान तापले होते माझे. माझ्या घरी राहायचं आणि इथं येऊन माझ्यावर हसायचं! पण त्याहून जास्त जळलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. हसताना आई किती तरुण दिसत होती, आणि ते मला दुसऱ्याच्या फोनमध्ये बघावं लागत होतं.

मिटल्या तोंडाचा तो क्षण मोठा करून बघितला. ओठ जुळलेले, डोळे मिश्कील, आत्ता काहीतरी बोलेल अशी. हा फोटो लावला असता तर पाहुण्यांना काही कळलं नसतं, मला मात्र हॉलच्या दारात ते वाक्य ऐकू येत राहिलं असतं. मुकाट्यानं पट्टी पुढं नेली, बोळकं पुरतं उघडलं तिथं थांबवली, फोटो पूर्ण क्वालिटीत सेव्ह केला आणि माझ्या फोनवर घेतला. नांदेडला परतल्यावर फ्लेक्सवाला म्हणाला, "आता कसं, एकेक सुरकुती दिसायली."

दुसऱ्या दिवशी सकाळी आई खुर्चीत बसून शेंगा फोडत होती. पदर नीट, कवळी जागेवर. मी फोन घेऊन तिच्यासमोर बसले. म्हणाले, "आई, कवळी काढून ठेव गं. घरात कशाला लागती?"

आईनं आधी माझ्याकडं संशयानं बघितलं. मग तिचा चेहरा एकदम उजळला. मान उंच करून दाराकडं बघत तिनं विचारलं, "कामून? लातूरची यायलीय का?"