बंबाचा भाव

माझ्या सासऱ्यांइतका सावकाश चालणारा माणूस नाशकात दुसरा झाला नाही, आणि मेन रोडची गर्दी बघता यापुढे कुणाला तसं चालता येईल असंही वाटत नाही. संध्याकाळी पंचवटीतल्या घरातून निघायचं, गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, पायरीवर बसून पाय ओले करायचे, ते पुरते वाळल्याशिवाय चपला घालायच्या नाहीत, मग भांडी बाजारातून मेन रोडला लागायचं. वाटेत भाजीवाल्या, ओळखीचे गुरुजी, अनोळखी यात्रेकरू, सगळ्यांची चौकशी. भांडी बाजारातल्या एका ठरावीक दुकानात शिरून तांब्याच्या बंबाचा भाव विचारणं, हे तर नित्यकर्म. घरात गीझर होता. बंब घ्यायचा नव्हताच. दुकानदारही भाव सांगायच्या भानगडीत न पडता "या काका" म्हणून स्टूल पुढे करायचा.

नव्वद सालानंतर मुलीला स्थळं येऊ लागली, तेव्हा ते प्रत्येक मुलाला आधी या फेरीला न्यायचे. "पोहे काय, कढईतच आहेत. चला, गंगेवर जाऊन येऊ." गंगापूर रोडचा एक इंजिनिअर असा तरातरा चालला, की हे बंबापाशी असताना तो रविवार कारंजा गाठून, रिक्षानं घरी परतून पोहे खात होता. त्याला नकार गेला. सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "अहो, चांगला मुलगा होता!" हे शांतपणे म्हणाले, "एकदा मागं बघितलं नाही त्यानं. उद्या रस्त्यात आपल्या पोरीची चप्पल तुटली, तर हा घरी पोचल्यावर विचारेल, बायको कुठाय?"

मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी मालेगावहून आलेलो. पाण्याचा तांब्या ठेवताना मुलगी ओझरती दिसली आणि मी तिथंच खलास झालो. हे स्थळ हातचं जाऊ नये म्हणून मेन रोडवर मी अखंड बोलत होतो. नोकरी, बढती, सगळं. शेवटी शेजारचा माणूस म्हणाला, "मला कशाला सांगताय हो?" बघतो तर भलताच गृहस्थ! मुलगी राहिली बाजूला, मी मुलीचा बापच हरवला होता. धावत मागं आलो. हे स्टुलावर चहा पीत बसलेले.

"आलात? बसा. बंब कसा वाटतो?"

"छान आहे," मी धापा टाकत म्हणालो. लग्न ठरलं.

गंमत म्हणजे त्यांची मुलगी स्वतः मेन रोडवर भराभर पुढं जाते. पिशव्यांसकट मी मागं आहे की नाही, हे तिनं इतक्या वर्षांत कधी वळून बघितलेलं नाही. तक्रार केली की सासरे म्हणायचे, "परीक्षा तुमची होती, तिची नव्हती."

ते गेले, त्यानंतर बऱ्याच दिवसांनी आम्ही भांडी बाजारात गेलो. त्या दुकानासमोर ती एकदम थांबली आणि मागं वळली. मी दोन पावलांवरच होतो. पण ती माझ्याही मागं बघत होती, गंगेकडून येणाऱ्या वाटेकडे. मग डोळे पुसून ती दुकानात शिरली आणि म्हणाली, "बंब केवढ्याला?"

दुकानदारानं भाव सांगितला नाही. स्टूल पुढे केलं.